घोड्यावर मागं बसलेला पोरगा

काचेपलीकडं बाबांचं तोंड हललं आणि सुगतला ते वाचता आलं. झालं ते एवढंच. चाळीतल्या जगदीशच्या पोरीचं आज नामकरण, म्हणून सरबताला बर्फ आणायला त्याला पिटाळलं होतं. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली लादी घेऊन तो लालबागच्या नाक्यावर बस जायची वाट बघत थांबला, तर समोरच्या हॉटेलात काचेला लागून बाबा बसलेले. त्यांच्यापुढं एक माणूस पाठमोरा. जाड मान, मानेवर घडी केलेला रुमाल. तो रुमाल सगळ्या चाळीला माहीत होता. चिंतामणी जॉबर. गिरणीतला मालकाचा माणूस, संपाच्या पहिल्या दिवसापासून आत. सुगतचा उचललेला पाय तसाच राहिला. रस्त्यावर टॅक्स्या बोंबलत होत्या, हातगाडीवाला बसवाल्याच्या नावानं शिव्या घालत होता, काचेतनं आवाज येणं शक्यच नव्हतं. पण आवाज कुणाला पाहिजे होता. "उद्या," बाबांचे ओठ म्हणाले. "दोघं येतो. मागच्या गेटानं." जॉबर काहीतरी विचारत असावा, कारण बाबा ऐकताना करतात तसं डोकं पुढं घालून त्याच्या तोंडाकडं बघत राहिले, आणि मग हसले. आईच्यान, हसले. "पोराला शिकवायला नको," ते म्हणाले, "त्याला साच्यातलं सगळं कळतं." बर्फाचं पाणी सुगतच्या मानेवरनं शर्टात उतरलं, पाठीच्या मणक्यावरनं खाली चड्डीपर्यंत गेलं, तरी तो उभाच. दोघं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

ही विद्या त्याला बाबांनीच शिकवलेली. साचेखात्यात कापड विणणारे शेकडो साचे एकदम धडधडतात तेव्हा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही, म्हणून साचेवाले आवाज वापरतच नाहीत. ओठ हलवतात, भुवया हलवतात, दोन बोटं हलवतात, आणि चार रांगा पलीकडचा माणूस खदाखदा हसतो. लहान असताना सुगत एकदा डबा घेऊन आत गेला होता. कापसाच्या भुसकटानं हवा पांढरी झालेली, जमीन पायाखाली थरथरत होती, आणि त्या गदारोळात बाबा बोलत होते. किती बोलत होते! घरात सकाळ-संध्याकाळ मिळून चार शब्द बोलणारा माणूस तिथं हात उडवत होता, डोळे मारत होता, कुणाची तरी नक्कल करत होता. हा माणूस आपल्या घरी का येत नाही, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. घरी यायचे ते बाबा कानानं जड, दमलेले, भिंतीला टेकून बसणारे. आईनं हाक मारली तर ऐकू न येणारे. मग त्यांनीच पोराला खेळ म्हणून शिकवलं. आई पाठमोरी भाकऱ्या थापत असायची आणि हे दोघं तिच्या पाठीमागं आवाज न काढता बोलायचे, "आज पण बोंबील," "गप, ऐकेल," आणि आई वळली की दोघं साळसूद. जगात आपल्याला एकच गोष्ट नीट येते, ती ही, असं सुगतला वाटायचं. शाळेत तर काहीच आलं नाही. नववीत वर्गात मास्तर म्हणाले, संपवाल्यांची पोरं मागच्या बाकावर बसा, आणि सुगतनं कंपासपेटी फेकली. मास्तरांना लागली नाही. लागायला पाहिजे होती. तो त्या दिवशी बाहेर पडला तो पडलाच.

आणि आता ही विद्या अशी उलटून अंगावर आली. काही न कळणारा पोरगा असता तर हॉटेलात बाबा दिसले, चहा पितायत, असं म्हणून पुढं गेला असता.

तो चालायला लागला. बर्फ हलका होत चालला होता. संपाला वर्ष उलटून गेलं होतं. पहिले काही महिने मजा होती, सभा, मोर्चे, घोषणा, बाबांच्या खांद्यावर झेंडा. मग गावाकडनं तांदूळ यायचा बंद झाला. आई दादरला दोन घरची धुणीभांडी करायला लागली, आणि बाबा खिडकीत बसून गिरणीच्या बंद चिमणीकडं बघायला लागले. पुढं एक दिवस चिमणीतनं धूर निघाला, बारीक, विडी ओढल्यासारखा. आत कोणीतरी होतं. पलीकडच्या चाळीतला एक जण पोलिसांच्या गाडीतनं आत जायला लागला, तेव्हा चाळीनं त्याला चौकात बसवून तोंडाला डांबर फासलं. पुढं धर्मा होता, बाबांच्या शेजारच्या साच्यांवर उभा राहायचा तो, आता संपाच्या कमिटीत. डांबराचा डबा सुगतनंच धरला होता. जोरात हसला पण तोच. त्या माणसाची बायको दारात उभी होती आणि ती रडत नव्हती, नुसती बघत होती, हे त्याला तेव्हाच दिसलं होतं. त्याला सगळंच दिसतं, हाच त्याचा ताप. ते बिऱ्हाड आठवड्यात खोली सोडून गेलं. दोन दिवस सुगतच्या हाताला वास येत होता, रॉकेलनं घासलं तरी.

बाबा का जातायत? पोटासाठी? मग इतके दिवस काय होतं, तेव्हा पोट नव्हतं? पण पोटासाठी नाही, हे त्याला आतनं कळत होतं, आणि म्हणूनच जास्त डोकं सटकत होतं. त्याचा आजा, रामजी, जन्मभर रिंगखात्यात सूत कातत मेला. साचेखात्याचा पगार चांगला, पण तिथं आपल्या लोकांना घेत नसत. कारण काय, तर साच्यात इकडनं तिकडं पळणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडानं ओढून बाहेर काढायचं असतं, आणि ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं त्याला दुसरा तोंड कसं लावणार. आजा साचेखात्याच्या दारात उभा राहून डबा खायचा म्हणे. आत पाय नाही. त्याचा पोरगा कोंडीराम, म्हणजे बाबा, भांडून, अर्ज करून, साहेबापुढं उभा राहून आत शिरला. पहिल्या दिवशी शेजारच्यानं आपले धोटे उचलून फडक्यात बांधून ठेवले, हे बाबा इतक्या वेळा सांगायचे, आणि सांगताना ओठांचा चंबू करून सूत ओढल्यासारखं 'सुप्प' करायचे. रागावून नाही. मजेत. त्या 'सुप्प'मध्ये सगळं होतं. ते साचे बाबांचे होते. खोली भाड्याची, गावची जमीन भावकीची, पण साचे बाबांचे. आता चिंतामणीनं सांगितलं असणार, तुझ्या साच्यांवर कोण तरी नवा पोरगा उभा केलाय. बास. तेवढं पुरलं असणार.

चाळीत आला तर जगदीशच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. जगदीश बँकेत, चाळीत टीव्ही पहिला त्याच्याकडं, आणि आज पोरीच्या नावानं भाड्यानं व्हिडिओ आणलेला. भर दुपारी अंधार पाहिजे म्हणून खिडकीला गोधडी लावली होती. पोरीचं नाव ठेवून झालेलं, बाळ पाळण्यात, आणि टीव्हीपुढं चाळ मावेल तेवढी कोंबलेली. दाराबाहेर गॅलरीत पण माना. सुगत बर्फ देऊन भिंतीला टेकला. जगदीशची बायको शैला नवऱ्यावर करवादली होती. तिनं हाणामारीचा नवा हिंदी पिक्चर सांगितला होता आणि लायब्ररीवाल्यानं डबीत भलतीच कॅसेट घातली होती. पडद्यावर धूळ, घोडे आणि टोप्या.

"अहो, बदलून आणा ना," शैला म्हणाली.

"दुकान बंद करून गेला तो. आता संध्याकाळी."

"घोड्यांचा पिक्चर आहे," धर्मा पुढनं म्हणाला, पाय पसरून बसला होता तो. "घोड्यांना तरी कळेल का इंग्रजी? हिरवीण कुठाय?"

"ती काय झाडू मारतेय," सुगतची आई, जाईबाई, बायकांच्यातनं म्हणाली. "इंग्रजीत पण झाडूच."

बायका हसल्या. "टीव्हीवरचं शेतीचं बरं याच्यापेक्षा," दुर्गामावशी म्हणाली, "निदान खताचं तरी कळतं."

"थांबा की," धर्मा म्हणाला, "कोंडीदादा कुठायत? त्यांचा हा जुना नाद. दर रविवारी सकाळच्या खेळाला जायचे ते टोपीवाले बघायला. कोंडीदादा!"

आणि बाबा आले. गॅलरीतल्या माणसांना बाजूला सारत, नेहमीसारखे, पांढरा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. हॉटेलातनं थेट. सुगतनं त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधलं. काही नव्हतं. त्यांना टीव्हीशेजारी स्टूल दिलं, ते लोकांकडं तोंड करून अर्धे तिरके बसले, पडद्यावर नजर टाकली आणि मोठ्यानं बोलायला लागले. साचेवाले बाहेर बोलतात ते मोठ्यानंच. "गावात एक मालक हाये," ते म्हणाले. "पाणी त्याचं, गुरं त्याची, पोलीस पण त्याचाच. बघा, तो जाडा. लोक पिचलेत. आता टोपीवाला येतोय त्यांच्यासाठी."

ही गोष्ट सुगतला पाठ होती. लहानपणी रविवारी बाबा त्याला ग्रँट रोडला सकाळच्या खेळाला न्यायचे, स्वस्तातला जुना इंग्रजी पिक्चर, आणि परत येताना भायखळ्यावरनं चालत चालत सगळा पिक्चर पहिल्यापासून सांगायचे. इंग्रजीचं अक्षर त्यांना येत नव्हतं. गोऱ्यांचे ओठ वाचता येत नाहीत, म्हणायचे, कुलूप लावून बोलतात. म्हणून ते हात बघायचे, खांदे बघायचे, कोण कुणाकडं किती वेळ बघतो ते बघायचे, आणि त्यातनं गोष्ट करायचे. पिक्चर कुठलाही असो, गोष्ट तीच. मालक, पिचलेले लोक, टोपीवाला. तो बराच वेळ बोलत नाही. सगळ्यांना वाटतं हा फितला. मग शेवटी तो उठतो. आणि मालक पडल्यावर तो घोड्यावर बसून जातो, त्याच्या मागं गावातला एक पोरगा बसलेला असतो, कंबरेला मिठी मारून. "पोरगा कुठं होता?" छोटा सुगत विचारायचा. "मला नाही दिसला." "नाही दिसला? टोपीवाल्याच्या पाठीमागं झाकला गेला असेल. तू नीट बघत नाहीस." पुढच्या रविवारी तो डोळे फाडून शेवट बघायचा. घोडा लांब जायचा, ठिपका व्हायचा, पोरगा दिसायचा नाही. पण पाठीमागं असणार, याबद्दल त्याला कधी शंका आली नाही. चिंचपोकळीच्या पुलावर तो बाबांच्या शर्टाचं टोक धरून पायांनी घोडा करत चालायचा.

"बघा कसा बघतोय," बाबा सांगत होते. "बोलत नाही. माणूस पक्का असला की बोलत नाही."

"नुसतेच बघतात एकमेकांकडं," दुर्गामावशी म्हणाली. "आपल्याकडं एव्हाना तीन गाणी झाली असती, आई पण मेली असती."

"घोड्याला पाणी तरी पाजा कुणीतरी," आई म्हणाली. "केव्हाचा उन्हात बांधलाय."

"अगं, घोड्याचं काय घेऊन बसलीस," धर्मा म्हणाला, "बंदूक कशी काढली बघितलंस? ही खरी मारामारी. आपल्या हिरोसारखं नाही, दहा जणांना लोळवायचं आणि केसाचा कोंबडा पण हलायचा नाही." पडद्यावर टोपीवाल्यानं दोघांना पाडलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. धर्मानं टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या, आणि बाबा स्टुलावर बसून मान डोलवत होते, जणू त्यांनीच पाडले. सुगतला वाटलं ओरडावं. उद्या, दोघं येतो, मागच्या गेटानं, असं मोठ्यानं सांगून टाकावं आणि मग या टाळ्या बघाव्यात. जीभ दाताखाली आली. आई पुढं बसलेली, घोड्याची काळजी करत. तिला माहीत नव्हतं. नक्की नव्हतं, तिच्या पाठीवरनं कळत होतं.

तेवढ्यात जगदीश सरबताचे पेले घेऊन येताना थबकला. तो पडद्याकडं कान देऊन ऐकत होता. "काका," तो म्हणाला, "तसं नाहीये हं. हा मालकाचाच माणूस आहे."

"आँ?"

"मालकानंच बोलावलाय त्याला," जगदीश बाबांच्या तोंडासमोर येऊन सावकाश म्हणाला. "आत्ताच बोलले ना ते. गावातले लोक ऐकत नाहीत, त्यांना हुसकून लावायचंय. त्यासाठी आणलाय. ते दोघं पडले ना, ते गावातले होते."

खोलीत एकदम हशा फुटला. "आयला," धर्मा मांडीवर थाप मारून म्हणाला, "म्हणजे आम्ही इतका वेळ जॉबरसाठी टाळ्या वाजवतोय. कोंडीदादा, काय हे? तुम्हाला संपफोड्या ओळखू येईना?"

सगळे हसले. कुणाच्या मनात काही नव्हतं, ते नुसते हसले. बाबा पण हसायला गेले. ओठ ताणले गेले आणि तिथंच राहिले. ते पडद्याकडं वळले, टोपीवाल्याचे हात बघायला लागले, खांदे बघायला लागले, जणू इतकी वर्षं जे दिसलं ते आता परत शोधत होते. मग त्यांनी मान फिरवली आणि त्यांची नजर डोक्यांवरनं फिरत फिरत मागं भिंतीपर्यंत आली. सुगतवर थांबली. ते काहीतरी मागत होते. एवढ्या माणसांत पोराकडं. सुगतच्या डोक्यात रक्त चढलं. आवाज काढला नाही, तेवढं भान होतं त्याला. नेहमीसारखा, आईच्या पाठीमागं बोलतात तसा, तो नुसत्या ओठांनी बोलला. पण रागात, तोंड पूर्ण उघडून, एकेक अक्षर.

"उद्या मी नाही येणार. तुम्ही एकटे जा चिंतामणीकडं. मागच्या गेटानं."

टीव्हीचा निळा उजेड सरळ त्याच्या तोंडावर पडत होता.

बाबांनी वाचलं. त्यांचा चेहरा धोट्यातलं सूत तुटावं तसा सैल पडला. त्यांचे ओठ हलले, फक्त एकदाच. "हळू."

हळू? सुगतला कळेना. आवाज तर नव्हताच. हा म्हातारा बहिरा हळू काय म्हणतोय. मग त्याला दिसलं. पुढं बसलेला धर्मा सरबताचा पेला घ्यायला मागं वळलेला होता आणि पेला तसाच हातात धरून सुगतच्या तोंडाकडं बघत होता. त्याच्यापलीकडं पाळण्याशी टेकलेले साठे. तेही साचेखात्यातले. दाराशी उभे असलेले दोघं. तेही. अर्धी खोली साचेवाल्यांची होती. जन्मभर त्यांनी चार रांगा पलीकडचं असंच ऐकलं होतं. या खोलीत खाजगी बोलायचं असतं तर कानात कुजबुजायचं. साच्यांनी कान गेलेल्या त्यांना हातभर अंतरावरचं ऐकू आलं नसतं. त्यानं तर गिरणीचा भोंगा वाजवला होता.

पडद्यावर कुणीतरी कुणाला तरी गोळी घातली. शिट्टी वाजली, पण एकाच पोराची, आणि तीही अर्धवट. धर्मानं पेला जमिनीवर ठेवला. दाराशी असलेल्यांपैकी एकानं दुसऱ्याच्या कोपराला बोट लावलं. एकेक डोकं पडद्याकडनं वळत होतं, आधी सुगतकडं, मग स्टुलाकडं. "काय झालं गं?" आई शेजारणीला म्हणाली. "कोण मेला? मालक मेला का?" तिला कुणी सांगितलं नाही. सुगतला आपल्या हाताला परत तो वास आल्यासारखा वाटला, डांबराचा, आणि त्यानं हात पँटीला पुसला. बाळ उठून कुरकुरलं, शैलानं पाळण्याला झोका दिला, दोरी करकरली.

बाबा बोलायला लागले. त्याच मोठ्या आवाजात, कुणीही सांग म्हटलं नसताना. "आता याला गावातनं जावं लागणार," ते म्हणाले. "मालकाचा असू दे नाही तर कुणाचा. गाव ठेवत नाही मग."

"जातो का?" धर्मानं विचारलं. त्याचा आवाज एकदम साधा होता. दुखावल्यासारखा. शेजारच्या साच्यांवरचा माणूस तो. पहिल्या दिवशी धोटे फडक्यात बांधून ठेवणारा दुसरा कोणीतरी होता. धर्मा नंतर आला आणि त्यानं विचार न करता बाबांच्या धोट्याला तोंड लावलं, हेही बाबा सांगायचे. "सांगा की दादा. जातोच का?"

"जातो."

"थांबायचं नाव नाही?"

"त्याचं मालकाकडं काहीतरी ऱ्हायलंय," बाबा म्हणाले. "ते टाकून त्याला जगता येत नाही. तुला कळंल ते."

धर्मानं जमिनीवरचा पेला बाजूला सरकवला. मग म्हणाला, "आणि एकटाच जातो, का ते पोर पण असतं घोड्यावर? तुम्ही सांगायचात ना नेहमी, मागं पोरगा बसलेला असतो म्हणून."

सगळ्यांनी बाबांच्या तोंडाकडं बघितलं. सुगतनं पण. भिंत पाठीला गार लागत होती. बाबांनी भिंतीकडं बघितलं नाही. एकदाही नाही.

"एकटाच," ते म्हणाले. "यात पोरगा नाही."

"नाही?"

"पहिल्यापासनं नव्हता. मी लावून सांगायचो."

पडद्यावर घोडा चालला होता, लांब, धुळीत. सुगतनं डोळे फाडून बघितलं. टोपी दिसत होती, पाठ दिसत होती, पाठीमागं उघडं आभाळ होतं. धर्मा उठला, माणसांच्या पायांमधनं वाट काढत खिडकीपाशी गेला आणि त्यानं गोधडी ओढून काढली. भर दुपारचं ऊन एकदम आत आलं. काचेवरचं चित्र पुसलं गेलं, नुसते टापांचे आवाज राहिले. "अरे, शेवट तरी बघू द्या," दुर्गामावशी म्हणाली, आणि मग तीही थांबली. त्या उजेडात सगळ्यांची तोंडं लख्ख दिसत होती, धर्माचं, साठ्यांचं, दारातल्या दोघांचं, स्टुलावरच्या बाबांचं. सुगत एकाकडनं दुसऱ्याकडं बघत गेला. कुणाचेच ओठ हलत नव्हते. वाचायला काहीच नव्हतं.